पिवळे तळहात

३ ऑक्टोबर
पुन्हा तो रस! डोळे उघडायच्या आत आई पेला घेऊन उशाशी हजर. "पी गं मुनिसा. डोळ्यांना चांगला, रक्ताला चांगला, कांतीला चांगला!" लग्नाला महिना राहिला. सासरच्या पुरुषांसाठी सोळा टोप्यांवर नक्षी भरायचीय, झाल्या दहा, आणि डोळे नुसते चुरचुरतात. म्हणून हा खटाटोप. पुलावाची पिवळी गाजरं चालत नाहीत - मार्गिलानच्या बाजारातून खास लाल आणते, किसते, फडक्यातून पिळते, वर चमचाभर साय. "सायीशिवाय अंगी लागत नाही." एक पेला स्वतःही पिते. बाबा रशियात, घरात आम्ही दोघीच. तेवढीच मला सोबत.

८ ऑक्टोबर
डोळे बरे वाटतायत. का मनाचे खेळ? बारावी टोपी संपली.

१४ ऑक्टोबर
सुई ओवताना लक्ष गेलं - माझे तळहात पिवळे! तळपायही! साबणाने घासघास घासले, जाईना. आईने आपले हात पुढे केले. "माझेही बघ. गाजराचाच रंग. घाबरतेस काय एवढी?"

१६ ऑक्टोबर
झालं! होणाऱ्या सासूबाई, सानोबर आपा, आल्या होत्या. चहा ओतून वाटी पुढे केली. त्यांची नजर माझ्या हातावर. वाटी घेतली, ओठाला लावली नाही. रोटी मोडली, खाल्ली नाही. निघताना दारात आईला हळूच - "पोरीला कावीळ तर नाही ना? लपवू नका हो."
"कावीळ कसली, गाजरं!" आई हसली. हसली खरी, पण दाराची चौकट धरून उभी होती.
माझा तर नुसता संताप झालाय. आणि भीती.

१७ ऑक्टोबर
शेजारच्या मावशी भिंतीवरून म्हणाल्या, "अगं, काविळीच्या घरात गाजरं चिरायला कोण येईल? पुलाव कोण खाईल?"
रीतीप्रमाणे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अख्खा मोहल्ला सुऱ्या घेऊन पुलावाची गाजरं चिरायला आमच्या अंगणात बसायचा आहे. कोणीच आलं नाही तर? लग्न तिथंच मोडलं! दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालतेय. जेवण गेलं नाही. आईलाही भूक नव्हती.

२० ऑक्टोबर
दवाखान्यात गेले. आईला म्हटलं तूही चल, तर - "मला काय धाड भरलीय? टोप्या राहिल्यात तुझ्या."
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोज किती गाजरं?" म्हटलं, किलो-दीड किलो. "ससा आहेस का गं!" पापणी ओढून पाहिली. "डोळे पांढरेशुभ्र आहेत. गाजराचा रंग कातडीत उतरतो, डोळ्यांत नाही. काविळीत डोळे पिवळे होतात. एक लहान पेला पुरे, समजलं?" तरी रक्त घेतलंच.

२२ ऑक्टोबर
रिपोर्ट स्वच्छ!! तसाच धावत सानोबर आपांकडे नेला. त्यांनी दोनदा वाचला. मग माझ्या हातची चहाची वाटी गटागटा संपवली आणि वर म्हणाल्या, "आता तो रस माझ्या लेकालाही, बोटिरलाही, करायला शिकव." मग नवरदेवाचा, बोटिरचा, फोन - "काय ससोबा, कशी आहेस?" मेला! सुटले बाई. मोहल्ल्यातले सगळे येणार. सुऱ्या धार लावायला दिल्या.

२३ ऑक्टोबर
मी रस बंद केला. आई पितेच आहे. "हात पिवळे राहिले तर राहू देत, मला कोण बघायला येतंय?" हल्ली डोक्याचा रुमाल कपाळावर फार पुढे ओढून बांधते. का, ते विचारायला हवं.

२४ ऑक्टोबर
आई अंगणात, उन्हात बसून गाजरं धूत होती. रुमाल मागे सरकला होता. हाक मारली, तिने वर पाहिलं. डोळे पिवळे आहेत तिचे. माझ्याकडे बघून लगेच मान खाली घातली. "गाजरांची चिरणी होऊ दे आधी. मग नेशील तिथे येते." तिला माहीत होतं!
उद्या सकाळीच नेणार आहे. गाजरं चिरायला कोणी येवो न येवो.