स्टुडिओतली एकच खुर्ची

मी, हावगेप्पा वल्द मडिवाळप्पा खेळगे, वय वर्षे एकावन्न, वीरशैव लिंगायत, धंदा फोटोग्राफी, मूळ राहणार राजेश्वर, हल्ली मुक्काम कल्याणी, हे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी काल दुपारी मी धुतलेली फोटोची काच उजेडात धरून पाहावी. म्हातारीच्या पापणीचा केस न् केस त्यात सुटा दिसतो. छाती दुखते, पायऱ्या चढवत नाहीत, एवढेच. अर्जनवीस म्हणाला, कचेरीत चालवायचे तर उर्दूत लिहू. ज्यांनी हे वाचायचे ते मग सोयीने म्हणतील, आम्हाला उर्दू कुठे येते. म्हणून मराठीत, बाळबोध अक्षरात, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या दाबाखाली नव्हे, रागाखाली लिहितो, आणि राग माझा स्वतःचा आहे.

तो कशाचा, हे आधी नोंदवतो. यंदा शिवरात्रीला माझा थोरला भाऊ मल्लप्पा अण्णा राजेश्वरहून आला, माझ्याच ओसरीवर चार लोकांत बसला आणि म्हणाला, "हावग्या, तू गेलास की पयल्यांदा ती खुर्ची चुलीत घालतो बघ." जित्या माणसाला असे सांगतात का? सांगितलेच आहे, तर आता त्यानेही ऐकावे.

कलम पहिले. कल्याणीतले माझे घर, पुढचा स्टुडिओ, त्याची उत्तरेकडची मोठी काचखिडकी, तिच्यावरचे मलमलीचे कापड, तिवईसह मोठा कॅमेरा, भिंगे, लाल कंदील आणि काचा धुण्याची अंधारी खोली, हे सर्व मी नागव्वाची मुलगी चंद्रम्मा हिला देतो. मला मूलबाळ नाही. नागव्वा ही नाचणारी. लग्नांत, उरुसात, जहागीरदारांच्या वाड्यात पहिल्या रांगेत बसून ज्यांनी तिचा नाच पाहिला त्यांनी हे कलम वाचताना तोंड वाकडे करू नये. चंद्रम्मा नाचत नाही. आईनेच तिला माझ्याकडे आणले आणि म्हणाली, "अप्पा, हिला तुमचा उजेड शिकवा." शिकवला. काचेवरचे पेन्सिलीचे, चेहऱ्यावरचे डाग झाकायचे काम ती आता माझ्याइतकेच बारीक करते. माझ्यापेक्षा बारीक असे मी लिहिणार नाही. मी कोणाकडे शिकायला गेलो नव्हतो. कॅमेऱ्यासोबत आलेले पुस्तक इंग्रजीत होते, मी त्यातली चित्रे पाहून आणि काचा नासवून शिकलो, त्याचा काही मान मला राहू द्यावा.

चंद्रम्मा माझी मुलगी आहे असे गावात बोलतात. नाही. असती तर सांगायला मी लाजलो नसतो.

कलम दुसरे. कपाटातल्या काचा. नागव्वा पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला उभे राहण्याची ढब सांगू लागलो, हात असा, मान अशी. ती म्हणाली, "नाचताना नको, अप्पा. नाचताना सगळेच बघायलेत. घरच्यासंगट बसलेली काढा." मागे तिची आई यल्लम्मा, तबला वाजवणारा भाऊ, आणि कडेवर चंद्रम्मा. बसणार कोण, मी विचारले. पाटलाच्या घरी आजा बसतो, बाकीचे उभे राहतात. इथे भाऊ आपणहून मागे सरकला, कमावणारी नागव्वा बाजूला झाली, आणि म्हातारी यल्लम्मा खुर्चीवर अशी बसली की मला माझी टोपी नीट करावीशी वाटली.

तेव्हापासून आळंद, हुमनाबाद, पार चिंताकीकडची नाचणाऱ्यांची घरेच्या घरे माझ्याकडे येत राहिली. मी कोणाला गोरे केले नाही. तोंडावरचे देवीचे वण जिचे तिने सांगितल्याशिवाय झाकले नाहीत. उजेड डावीकडून, एकाच अंगाने, म्हणजे चेहऱ्याला खोली येते. या मुलखात असे काम दुसरे कोणी केले असेल तर आणून दाखवावे.

एका जहागिरीच्या कारभाऱ्याने निरोप धाडला की नागव्वाच्या काचेवरून म्हातारी आणि पोर खरवडून टाक, एकटी बाई ठेव, सरकारांना खिशात ठेवायची आहे. मी उलट विचारून पाठवले, सरकारांच्या घरचीही काच माझ्याकडे आहे, तिच्यातून त्यांच्या मातोश्री खरवडू का? त्या वाड्याचे काम तेव्हापासून बंद झाले. बरे झाले.

आणि गेल्या दिवाळीत अण्णाचा मुलगा शिवलिंग त्याच कपाटापुढे उभा राहून मला विचारतो, "काका, ह्या काचा सोड्यात उकळल्या तर पांढऱ्या निघत्यात का? नव्या घराच्या खिडक्यांला लावल्या असत्या."

"कोणाचं तोंड धुऊन काढतोस रे?"

"नाचणारणीचीच तर हायती."

सबब, प्रत्येक काच ज्याचा चेहरा तिच्यावर आहे त्याला, तो नसेल तर त्याच्या घरच्याला चंद्रम्माने पोचती करावी. शिवलिंगाला काहीच दिले नाही असे होऊ नये म्हणून माझा रंगवलेला मोठा पडदा मी त्याला देतो. त्यावर महाल आहे, कारंजे आहे, दोन मोर आहेत आणि खिडक्या तर त्याला हव्या तेवढ्या आहेत.

कलम तिसरे. खुर्ची. सागवानी, रुंद हातांची, वेताने विणलेल्या बैठकीची, उजव्या पुढच्या पायाला पितळी पट्टी मारलेली. स्टुडिओत खुर्ची एवढीच. दुसरी मी कधी आणली नाही, आणायला परवडत नव्हती म्हणून नव्हे.

अण्णाच्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा त्याने व्याह्यांना, निंबर्ग्याच्या सिद्रामप्पांना, फोटोसाठी माझ्याकडे आणले. मीच बोलावले होते. धाकट्या भावाचे काम पाहून त्याला मान वाटेल असा माझा समज होता. सिद्रामप्पा बसता बसता अर्ध्यावर थांबले.

"खेळगे, ह्याच खुर्चीवर ती यल्लम्मा बसलती म्हणं?"

"व्हय. मंगळवारी."

"मंग दुसरी आणा की."

"दुसरी न्हाई."

अण्णाने मला कोपऱ्यात ओढले. "शेजाऱ्याची घिऊन ये. आमी कामून बसावं तिथं?"

"अण्णा, गळ्यात लिंग हाय. बसवण्णाच्या कल्याणीत हुबा हायस. सकाळी वचनं म्हणूनच घरातून निघालास न्हवं?"

"वचनं म्हणायची येगळी, बसायची खुर्ची येगळी," अण्णा म्हणाला.

सगळी मंडळी उठून गेली. फोटो गुलबर्ग्याला काढला. तिथल्या खुर्चीवर आदल्या दिवशी कोण बसले होते हे मात्र कोणी विचारले नाही. मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही, कारण पोरीचा संसार नीट चालला आहे.

दुसऱ्या दिवशी माझी बायको सिद्धव्वा स्टुडिओत आली. ती कधी येत नसे, औषधांचा वास तिला सोसत नसे. इरकली लुगडे नेसून, पदर डोक्यावरून घेऊन ती त्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "दार उघडं ठिवा. रस्त्यावरून दिसू दे. आता काढा." तिचा तेवढाच एक फोटो. ती काच माझ्यासोबत पुरावी.

सिद्धव्वा तीन वर्षांपूर्वी लिंगैक्य झाली. आपल्यात मेलेल्याला निजवत नाहीत, बसवतात. बसवूनच विमानातून, म्हणजे फुलांनी सजवलेल्या पालखीतून मिरवतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. मी त्या दिवशी कॅमेरा घेऊन हुमनाबादच्या जत्रेत होतो. चंद्रम्माने मला बोलवायला माणूस पाठवला, खुर्ची अंगणात आणली, जुना कॅमेरा उभा केला आणि सगळ्यांना म्हणाली, "अक्का ह्याच खुर्चीवर बसलत्या. अप्पा येऊस्तवर थांबा." एवढ्यात अण्णा आला. "हिला कोण बोलावलं?" म्हणाला, आणि खुर्ची उचलून रस्त्यावर फेकली. सिद्धव्वाला भिंतीला टेकवून, खुंटीला दोरी बांधून बसवले. सगळ्यांना तसेच बसवतात, त्यात वावगे काही नाही. पण तिची खुर्ची दारात होती. मी पोचलो तेव्हा माती झाली होती आणि मोडक्या पायाची खुर्ची गटाराकडेला उलटी पडली होती.

हुसेनसाब सुताराने पाय बसवला. पट्टी पॉलिशखाली लपवू का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, दिसू द्या.

ही खुर्ची चंद्रम्माची. तिच्यावर जो येईल तो बसेल. कोणी दुसरी मागितली तर त्याला दार दाखवावे, मग ते कितीही मोठे गिऱ्हाईक असो. मात्र चंद्रम्माच्या ताब्यात जाण्याआधी खुर्चीचे एक काम शिल्लक आहे, ते पुढच्या कलमात.

कलम चौथे. मी लिंगैक्य झाल्यावर मला आंघोळ घालून, विभूती लावून त्याच खुर्चीवर बसवावे. भिंत नको, खुंटी नको. पाठ टेकायला खुर्ची आहे, मान सरळ राहण्यासाठी मागून पट्टा द्यावा, तो टोपीखाली झाकला जातो. खुर्ची स्टुडिओत, खिडकी माझ्या डाव्या हाताला. रस्त्याकडचे दार उघडे ठेवावे. फोटो चंद्रम्माने काढावा. तो निघेपर्यंत विमान उचलू नये. स्वामी घाई करतील, त्यांना पाणी द्यावे आणि बसवून ठेवावे.

कलम पाचवे. राजेश्वर येथील वाटणीत माझ्या हिश्श्याला आलेले शेत, विहिरीसह. अण्णाला ते हवे आहे. बांधाला बांध लागून आहे, वडिलांच्या हाताखाली आम्ही दोघांनी तिथे मोट हाकली आहे, ते त्याच्याकडे जावे असे मलाही वाटते. म्हणून देतो, पण एका अटीवर.

वरील फोटोत अण्णाने माझ्या उजव्या अंगाला उभे राहावे आणि हात खुर्चीच्या पाठीवर ठेवावा. घरातल्या बसलेल्या माणसाजवळ घरचे उभे राहतात तसे. हात टेकलेला हवा. लाकडाला न लागता अधांतरी धरलेला हात काचेवर लगेच कळतो, बोटांच्या कडा हलतात. मला ओळखता येतो आणि चंद्रम्मालाही येतो. तिने काच धुवून साक्षीदारांना दाखवावी. हात टेकलेला असेल तर शेत अण्णाचे, त्यात कोणी तकरार करू नये. हात अधांतरी असेल, किंवा अण्णा आलाच नाही, तर शेत चंद्रम्माचे. अण्णा मग रोज सकाळी बांधावरून नाचणारणीच्या मुलीची ज्वारी पाहील.

वकील म्हणाला, अशी अट कोणी कधी ऐकली नाही. मी म्हणालो, अशी खुर्ची तरी कुठे पाहिली आहे?

फोटोला वेळ लागतो हे अण्णाने ध्यानात ठेवावे. चंद्रम्मा काळ्या कापडाखालून बाहेर येईल, भिंगाचे झाकण हातात धरील आणि म्हणेल, हलू नका. ती सगळ्यांनाच म्हणते. पाटलालाही म्हणते, कलावंतिणीलाही म्हणते. मी हलणार नाही. अण्णाने हलू नये.

येणेप्रमाणे लिहिले ते मी पुन्हा वाचले, दोन ठिकाणी काना राहिला होता तो दिला, आणि खाली सही केली.

मुक्काम कल्याणी, बसव जयंती, वैशाख शुद्ध तृतीया शके १८६८, माहे खुर्दाद १३५५ फसली, तारीख ४ मे १९४६.

सही: हावगेप्पा वल्द मडिवाळप्पा खेळगे

साक्षीदार:
१. हुसेनसाब वल्द इमामसाब, सुतार, राहणार कल्याणी. खुर्चीचा पाय यांनीच बसवला, खुर्ची हीच हे ते ओळखतील.
२. अंकुशराव वल्द श्रीपतराव, शेतकरी, राहणार चिंताकी. एका बैठकीत पाच भावांचा फोटो काढून नेला, कोणी खुर्चीला नाव ठेवले नाही.

यांच्या बाजूला डाव्या हाताचा एक अंगठा आहे तो बसव्वा वैनीचा, म्हणजे अण्णाच्या बायकोचा. शेताचा फायदा तिच्या घरात जातो म्हणून तिची साक्ष चालत नाही असे वकिलाने सांगितले, म्हणून तो साक्षीत धरू नये, फक्त सगळे ऐकल्याची खूण समजावी. ती आज एकटी राजेश्वरहून आली. सगळे वाचून दाखवल्यावर मी तिला विचारले, "वैनी, अण्णा हात टेकंल का?"

"त्येंचा हात मी धरून टेकवते, भावजी," वैनी म्हणाली. "तुमी तेवढं ताठ बसा."