जप्त मालाची चव

चि. शालिक यास,

मी, मुखरू सोमाजी ठेंगणे, वय एकाहत्तर, चौथी उत्तीर्ण, मौजे पिंपळबोडीचा निवृत्त पोलीस पाटील, पूर्ण शुद्धीत लिहून देतो ते येणेप्रमाणे.

वरोऱ्यास दारू सोडणाऱ्यांच्या सभेला तू चार महिने नियमित जात होतास. दिवाळीनंतरच्या गुरुवारी तू मलाही आग्रहाने नेलेस. तेथे उभा राहून तू म्हणालास, "मी नऊ वर्षांचा होतो. बाबा मोहाची दारू पकडून आनत अन् मले चाखाले देत. म्हनत, सांग, दारूच हाय नं?"

मी उठून म्हणालो, "हा इसम बेवडा असून खोटे बोलत आहे."

एक बाई म्हणाली, "भाऊ, इथी कोनी कोनाले खोटं नाई म्हनत." मी तिलाही गप्प केले.

तू हसलास. "चाला बाबा, जिंकले तुमी," म्हणून निघून गेलास व त्याच सायंकाळी प्यालास. आता तू बसस्थानकावर पडलेला असतोस आणि मी तोंड फिरवून जातो.

तू सांगितलेस ते खरे होते. पंचनाम्यात 'चव घेऊन खात्री केली' असे लिहावे लागे. मी दारूला शिवत नसे, म्हणून तुला चाखवीत असे. पहिल्या वेळी तू थुंकलास. तिसऱ्या वेळी तू वाटी सोडेनास, तेव्हा मी हसलो.

हे पत्र तुला मिळणार नाही. स्वतःविरुद्ध लेखी पुरावा मी कोणाच्या हाती देत नसतो.

तुझा पिता,
मुखरू सोमाजी ठेंगणे

चाखतेवेळी हजर साक्षीदार:
१. तुझी आई गुणाबाई, मयत. तिने वाटी हिसकावली, म्हणून तिला मी घराबाहेर काढले होते.
२. तू.