तीन दिवस आधी मिळायचा कागद

लाडक्या आईला टोलेडोहून व्हर्लिनचं खूप प्रेम,

घर झालं एकदाचं. तुझे गुडघे कसे आहेत?

घराच्या मूल्यांकनाचा अहवाल कर्जाच्या सह्यांच्या कायद्याने तीन दिवस आधी मिळायला हवा. पण बँकेतली बाई आठवडाभर आधीच म्हणाली, "कशाला खोळंबता? तो हक्क सोडल्याचं लिहून द्या, अहवाल सह्यांच्या वेळी बघा." तुझ्या जावयाने, क्लाइडने लगेच लिहून दिलं.

सह्यांच्या दिवशी आम्ही भाड्याची जागा सोडून, सामानाचा ट्रक घेऊनच गेलो. तिथे अहवाल वाचला. घराचा पाया खचलाय. माझा हात थांबला.

बाई हसली. "नको असेल तर राहू द्या. ट्रक कुठे नेणार?"

आम्ही सह्या केल्या. तुझं घर विकून आलेले पैसे यातच गेले.

तुझी खोली उजेडाची आहे. लवकर ये. बाबांचा पियानो मात्र आणू नकोस, इथली जमीन तो पेलणार नाही.

तुझी वाट बघणारी,
व्हर्लिन