वेलीची चादर आणि जुनं मशीन

नायना,

तुमचं मशीन सोमवारी बंद पडलं. बटण दाबलं, आतला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, तेवढंच. मे महिना आहे, दुकानाचा पत्रा दहालाच तापतो, म्हणून आधी उन्हाचा संशय घेतला. पंचा ओला केला, पिळला आणि डब्यावर पसरला, तुम्ही पसरायचात तसा. तासाभराने पंचा वाळला, मशीन तसंच. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नव्हतं. वाटलं असेल तर मी ते दुसऱ्या कामात घालवलं. आता लिहायला बसले आहे तर एका कॉम्प्युटरबद्दल. घरात आपण तेलुगू बोलायचो, वडलांना नायना म्हणायचो, पण मला तेलुगू लिहिता येत नाही, म्हणून हे मराठीत. तुम्ही मराठी पेपर ओळीखाली बोट धरून वाचायचात. त्या वेगाने वाचाल असं समजून लिहिते.

नवी पेठेच्या मागच्या गल्लीतून दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, बार्शीकडचा माणूस. झाकण काढलं आणि आधी हसला. म्हणाला, "ताई, आत पाल राहती व्हय?" मी म्हटलं, एक होती. "ती बी म्हातारी होऊन गेली आसंल." मग ब्रशने धूळ झाडली. बोर्डावरचे बारीक डबे त्याने बोटाने दाखवले, माथ्यावर फुगलेले. म्हणाला, "दोन रस्ते हायत. ह्येच्यात नवा पावर सप्लाय घालतो, डिस्क बदलतो, मेमरी कुटं जुनी मिळाली तर तीबी टाकतो. चालंल. वरीस म्हणा, दोन वरीस म्हणा. पण बोर्ड गेला की मग मला फोन करू नका. दुसरा रस्ता, नवीन घ्या. मी असतो तर नवीनच घेतलं असतं." मी त्याला विचारलं, नव्यावर हे सॉफ्टवेअर चालेल का. त्याने मागे हात घालून तुमचं ते लॉक चाचपलं, काडेपेटीएवढं, जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. "ह्ये लावायची जागाच आता कुणी देत न्हाय. कंपनीला विचारा की." कंपनी बंद पडली, मी म्हटलं. "मग झालं की."

त्याला मी समजावून सांगितलं, की इथे चादरींची नक्षी निघते. पडद्यावर चौकोनी घरं असतात; भरलेलं घर म्हणजे धागा वर, रिकामं म्हणजे खाली. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडतात आणि त्या पट्ट्या मागावर चढतात. फायली नव्या मशीनवर नेता येतील, पण तिथे त्या कुणी उघडू शकणार नाही. नवीन घ्यायचं तर तुमची प्रत्येक चादर जुन्या पडद्यावर बघत, घर घर मोजत नव्यावर पुन्हा काढायची. आणि त्यासाठीही हे आधी सुरू व्हायला हवं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "म्हंजे ह्येला बोलतं करायचं, सगळं सांगून घ्यायचं, मग सोडायचं." आणि आपल्या दुकानातला एक वापरलेला सप्लाय आणून तात्पुरता जोडून दिला. "आठ दिवस. तेवढ्यात ठरवा."

घाई मालकांची होती. तुमचे मालक, शहराच्या पूर्व भागातले, ज्यांच्याकडे तुम्ही तीस वर्षं नक्षी दिली. आता काठी टेकत येतात. त्यांच्या कारखान्यात टॉवेलच निघतात, पण नातीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला त्यांना तुमची वेलीची चादर हवी आहे. शेवटच्या वर्षातली. पट्ट्या उंदरांनी खाल्ल्या. खुर्चीत बसून म्हणाले, "पोरी, नवीन लोकांची वेल बघितली मी. प्लास्टिकची वाटते. तुझ्या नायनाची दे. पंधरा दिवसांत दे, नंतर देऊन मला काय उपयोग, मी काय अंगावर घेऊन जाऊ?" आणि स्वतःच हसले. मीही हसले. त्यांच्यासमोर मला फार वेळ बसवत नाही, हे त्यांना ठाऊक नाही.

तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही क्षणात उत्तर दिलं असतं. मशीन आलं त्या वर्षीचा पावसाळा मला आठवतो. वीस वर्षं ग्राफच्या कागदावर लाल पेन्सिलीने घरं भरलेला माणूस माऊस धरायला शिकतो आहे. मनगट टेबलावर ठेवायचं हे तुम्हाला पटत नव्हतं. तुम्ही माऊस ब्रशसारखा हवेत धरायचात. कळफलकाजवळ शेंगाचटणी आणायला बंदी होती, आणि ती तुम्हीच मोडलीत. खालच्या रांगेत तेलाचा एक डाग अजून आहे. चार महिने बसून तुम्ही सगळे जुने ग्राफ एकेक करून मशीनवर उतरवलेत आणि संपले त्या दिवशी रद्दीवाल्याला हाक मारलीत. मी कॉलेजात होते. एक तरी ठेवा, म्हटलं. तुम्ही गठ्ठ्याला सुतळी बांधत होतात. "चादर आहे ना घरात? मग कागद कशाला?" रद्दीवाला सायकल वळवतो आणि तुम्ही आत येऊन हात धुता. मागे वळून बघत नाही. मी तुमच्यावर दोन दिवस चिडून होते आणि तुम्हाला कारण कळत नव्हतं. मी साहित्य शिकत होते तेव्हा. हस्तलिखितं जपायची असतात, असं आम्हाला सांगितलेलं होतं.

तेव्हा तुमच्या रीतीने जायचं तर नवीनच घ्यायला हवं. मी तसं ठरवलंही. नवीन मशीन आलं, टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवलं. डावीकडे तुमचं, दुरुस्तीवाल्याच्या सप्लायवर घरघरणारं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे, तिचं तुम्हाला नवल वाटलं असतं. नक्षीत एखादा धागा फार लांब मोकळा सुटला तर ते स्वतःच शोधतं आणि मध्ये एक घर भरून त्याला दाबून टाकतं. आपण ज्याला टाका म्हणायचो, ते. एक कळ दाबायची. तुम्ही मला जे शिकवायला दोन वर्षं घेतलीत ते एका कळेत.

सोळा वर्षांची होते. तुम्ही मला कमळाची पाकळी भरायला दिली होती आणि मी ती भरून घाईने मैत्रिणीकडे गेले होते. टाका एका जागी राहिला. एका जागी राहिला म्हणजे मागावर चादरीत प्रत्येक कमळावर राहिला, आणि त्या खेपेतल्या प्रत्येक चादरीत. कारखान्यातून एक चादर परत आली. तुम्ही ती जमिनीवर पसरलीत, मला खाली बसवलंत आणि माझं बोट धरून त्या सुटलेल्या धाग्याखाली घातलंत. बोट सहज गेलं. "कुणाचं तरी जोडवं यात अडकेल. झोपेत पाय ओढेल ती, आणि चादर उसवेल. तिला वाटेल तिचीच चूक." हे तुम्ही तेलुगूत म्हणालात, मराठीत आणताना त्यातला राग कमी होतो. त्या दिवसापासून मी मोकळ्या धाग्याच्या बरोबर मधलं घर भरते. मोजून. तुम्ही कधी मोजत नव्हता. तुमचा टाका नेहमी मधल्याच्या एक घर आधी पडायचा, आणि तो तसाच चांगला दिसायचा. का, ते मी विचारलं नाही. तुम्हालाही सांगता आलं नसतं.

शेवटच्या वर्षी साखरेने तुमचा डावा डोळा गेला होता आणि उजव्याचा भरवसा नव्हता. तुम्ही पडद्याला नाक लावून बसायचात. टाके राहू लागले. मी तासिकांवर शिकवत होते, बाराला दुकानात यायचे. तुम्ही जेवायला घरी जायचात आणि दोन तास पडायचात. त्या दोन तासांत मी तुमची नक्षी उघडून राहिलेले टाके भरायचे. तुमची फाईल तशीच ठेवायचे, दुरुस्त केलेली नावापुढे दोनचा आकडा लावून वेगळी साठवायचे आणि तीच पट्ट्या पाडायला द्यायचे. तुम्ही परत यायचात, चहा मागवायचात. मी पेपर वाचत असायचे. एकदा तुम्ही म्हणालात, "आज खुर्ची गरम आहे." मी म्हटलं, ऊन फार आहे. तुम्ही पंखा वाढवलात.

पाचेक दिवसांपूर्वी वेल उतरवायला घेतली. मालकांना हवी ती दुरुस्त केलेली, म्हणून दोन आकड्याची फाईल उघडली. चौदा वर्षांनी माझेच टाके बघते आहे, बरोबर मध्ये, शाळेतल्या मुलीने आखल्यासारखे. वेलीच्या तिसऱ्या पानाशी आले आणि थांबले. पानाच्या टोकाला एक लांब धागा होता, तुमच्या मूळ फाईलमध्ये मोकळा सुटलेला. माझ्या नजरेतूनही तो सुटला असणार, कारण तिथला टाका माझा नव्हता. तो मधल्याच्या एक घर आधी होता. मी मोजलं. परत मोजलं. मग फाईलची वेळ बघितली. सकाळचे सात वाजून दहा. सातला मी कधी दुकानात आलेली नाही. सातला दुकान तुम्ही उघडायचात, उदबत्ती लावायचात आणि मी येईपर्यंत एकटे असायचात.

मग बाकीच्या उघडल्या. त्या वर्षीच्या दोन आकड्याच्या सगळ्या. चारांमध्ये तुमचे टाके सापडले. एकात एक, एकात तीन. सगळ्यांच्या वेळा सकाळच्या. म्हणजे मी दुपारी तुमच्या मागे दुरुस्त करायचे आणि तुम्ही सकाळी माझ्या मागे. आणि दोघांनी मिळून चहा प्यायलेला. त्या डोळ्याने तुम्ही माझी चूक शोधलीत, नायना, मी तुमच्या शोधत होते तेव्हा. आणि बोललात काय, तर खुर्ची गरम आहे.

वेल मी नव्या मशीनवर पूर्ण केली. ती कळ दाबली नाही. माझे टाके माझ्या जागी भरले, तुमचा तुमच्या. तीन दिवस लागले. मालकांनी छापील नमुना चष्मा काढून डोळ्याजवळ धरला आणि म्हणाले, "हां. ही." एवढंच.

आठवा दिवस काल होता. दुरुस्तीवाला आपला सप्लाय न्यायला आला. म्हणाला, "काय ठरलं? नवीन झकास चालतंय की. ह्यो डबा नेतो, सुटे भाग निघतील." मी म्हटलं, याच्यात कायमचा सप्लाय घाला. डिस्कही बदला. "आणि नवीन?" तेही राहील. तो स्टुलावर बसला. "दोन्ही?" दोन्ही. "म्हंजे ठरवलंच न्हाय की, ताई." तो ब्रश काढून पुन्हा पंखा झाडू लागला आणि झाडता झाडता म्हणाला, "वडलांचं हाय व्हय? आधी सांगायचं की. मी आपलं उगंच हिशेबी बोलत बसलो."

त्याला वाटलं, आठवण म्हणून ठेवते आहे. तसं असतं तर मी तुमचंच ऐकलं असतं आणि सुतळी आणली असती. मला त्या मशीनमध्ये अजून शोधायचं आहे. तुम्हाला आणखी काय काय दिसत होतं, ते. कारण त्या वर्षी पावसाळ्यानंतर मालकांचं काम कमी झालं. महिन्याला चार नक्ष्या यायच्या, त्याची एक झाली. तुम्ही दोन-तीनदा मला विचारलंत, मालक हल्ली फोन का करत नाहीत? मी म्हटलं, बाजार मंद आहे, सगळीकडे टॉवेल चाललाय. तुम्ही मान हलवलीत आणि रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिलात, सातपासून दुपारपर्यंत, तो सगळा हिवाळा.

बाजार मंद नव्हता. मी मालकांच्या घरी गेले होते, तुम्हाला न सांगता. त्यांना सांगितलं होतं, नायनांना आता दिसत नाही, त्यांना काम देऊ नका.