गौरींच्या माळेचे दिवे

मिरज, गौरीपूजनाची संध्याकाळ

खोटं बोलायची गरज काय होती? दुपारी सुमननं गौरींपुढं लावायची पिवळ्या दिव्यांची माळ शोधायला घेतली, तेव्हा मी म्हणालो, "उंदरांनी कुरतडली असेल." सख्ख्या बायकोला तोंड वर करून उंदीर सांगितला.

माळ मीच कापली होती, आषाढात. माझ्या खेळातल्या छोट्या रेल्वेच्या स्टेशनाला आणि डब्यांना दिवे हवे होते. एकेक दिवा सुटा केला, तारांना सोल्डरचा डाग दिला, जुन्या मोबाईलच्या चार्जरला जोडला. खिडक्यांना आतून बटर पेपर. फुकटात काम झालं म्हणून केवढा खूश होतो. बंद पडलेली माळ समजलो म्हणावं, तर तेही खरं नाही. कापायच्या आधी लावून बघितली होती की.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "यंदा गौरींपुढं अंधार का गं?" सुमन पाट आणायला माझ्या खोलीत गेली आणि परत आली ती स्टेशन आणि डबे बसवलेली फळीच उचलून. गौरींपुढं ठेवली, चार्जर लावला. सगळ्या खिडक्या पिवळ्या उजळल्या.

"यंदा आमच्या गौरी रेल्वेनं आल्यात माहेरी," ती म्हणाली. बायका हसल्या. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

रात्री जेवताना ताटात पुरणपोळी वाढली आणि शांतपणे विचारलं, "उंदराला तूप चालतं न्हवं?"

मी मान खाली घालून व्हय म्हणालो.