चिनी कादंबरीचा तिसरा भाग

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सोबत चिनी कादंबरीचा दुसरा भाग पाठवते आहे. एवढं जाडजूड पुस्तक टपालानं नीट पोचेना, म्हणून मी त्याचे तीन भाग करून प्रत्येकाला वेगळी बांधणी केली. चांगलं पुस्तक उसवताना बघून आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यातला कटिंगवाला म्हणाला, बाई, तुमचं डोकं ठिकाणावर नाही. म्हणू दे बापडा. त्याला बहीण नाही.

आईबाबा गेल्यावर आपलं दोघींचं म्हणून एवढंच उरलं आहे गं. लहानपणी एकाच पुस्तकावर पालथ्या पडायचो आणि माझं पान वाचून होईपर्यंत तू नख चावत थांबायचीस. आता पान तेच, घरं दोन.

बरं, कामाचं बोलू. परग्रहावरची मंडळी येऊन ठेपली आहेत, जगभरचे शास्त्रज्ञ त्यांच्यापुढे हात जोडून उभे आहेत, आणि हे शहाणे बोलतात कोणाशी? तर कोळशाच्या वखारीत वजनकाट्यावर बसणाऱ्या एका बाईशी, तिच्या खरखरत्या रेडिओवरून! तिच्याशीच का, ते अजून लेखकानं सांगितलेलं नाही. माझं मत असं, की पत्ता चुकला त्यांचा, आणि आता भिडेपोटी बोलत बसलेत. तुझं मत काय ते दुसरा भाग उघडायच्या आधी लिहून काढ. आपला नियम मोडू नकोस.

तुझ्या लोभावर दुसऱ्या कोणाचा हक्क नसलेली,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुसरा भाग मिळाला आणि वाचूनही झाला. नियम मोडला, रागावू नकोस. त्याचं असं झालं, की सासूबाईंची कंबर पुन्हा धरली आहे. माई सध्या अंथरुणाला खिळून आहेत, आणि बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. दुपारी औषधांचं दुकान बंद करून मी घरी येते, तेव्हा त्यांना वाचून दाखवते. आधी म्हणाल्या, कसलं मेलं आभाळातलं वाचतेस! आता मी यायच्या वेळी चष्मा लावून, केस नीट करून तयार असतात. वाचायचं मी, चष्मा त्यांना कशाला, कोण जाणे.

वजनकाट्याच्या बाईबद्दल त्यांचं म्हणणं ऐक. बाकी सगळ्यांना त्या परक्यांकडून काहीतरी हवं होतं. कोणाला औषध, कोणाला शस्त्र, कोणाला नाव. ती बाई मात्र आज किती गाड्या आल्या, किती कोळसा भरला, एवढंच सांगत राहिली. ज्याला आपल्याकडून काही नको, त्याच्याशीच बोलावंसं वाटतं, असं माई म्हणाल्या. मला एकदम भरून आलं. तुझं पत्ता चुकल्याचं मत त्यांना सांगितलं. कंबर धरून हसल्या.

तिसरा भाग ताबडतोब पाठव. माई रोज विचारतात.

तुझा लोभ आहे तसाच राहो,
धाकटी

२ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

माई हसल्या हे वाचून फारच बरं वाटलं. त्यांच्या करमणुकीला माझी मतं उपयोगी पडतात, हे माझं भाग्य.

तिसरा भाग तयार नाही. बांधणीची खळ वाळलेली नाही. शिवाय मार्च महिना, शाळाकॉलेजांची कामं डोक्यावर. सवड झाली की बघू.

खरं लिहून टाकू का? खळ केव्हाच वाळली आहे. भाग इथे टेबलावर पडला आहे. पण तुझ्या पत्रात ओळीआड माई आहेत, आणि मी कुठे आहे ते शोधावं लागतं. पुस्तक मी तुला पाठवलं होतं, घरादाराला नाही. ते एक आपल्या दोघींचं होतं, तेही तू वाटून टाकलंस. आणि सगळ्यांत झोंबलं काय, तर त्यांचं मत माझ्यापेक्षा चांगलं आहे. कारखान्यात दिवसभर तेच डोक्यात होतं. एका जाड शब्दकोशाला पाठ उलटी लावून ठेवली मी.

म्हाताऱ्या, आजारी बाईवर जळणारी बहीण तुझ्या वाट्याला आली, त्याला माझा इलाज नाही. तिसरा भाग मिळणार नाही.

लोभ कोणावर ठेवायचा ते तुझं तू ठरव,
ताई

१४ मार्च

चि. ताईस,
अ. आ.

मी धाकटीची सासू. अक्षर मोठं आणि वाकडं आहे, लावून घे. तुला तू म्हणते आहे, तुझ्याहून मी खूप मोठी आहे. धाकटी दुकानात गेली आहे, तिला न सांगता लिहिते.

तुझं पत्र ती मला वाचून दाखवत होती. खळीपर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, पुढे काही विशेष नाही. तिचं तोंड बघून मला सगळं कळलं. मुद्द्याचं लिहिते. तिसरा भाग पाठवू नकोस.

तू माझ्यावर जळतेस ना? मग माझंही ऐकून ठेव. या घरात दिवसभर ताई चालू असते. भाजी चिरताना ताईनं काय सांगितलं, कपडे वाळत घालताना ताई काय म्हणाली असती. मला ती माई म्हणते, पण ज्या आवाजात ताई म्हणते तो आवाज माझ्या वाट्याला कधी आला नाही. तुझं पाकीट आलं की ती दारातच उभ्यानं वाचते आणि मी आत पाण्यासाठी हाका मारत असते. मला तुझा फार राग यायचा. लग्नात ओझरतं तोंड बघितलेल्या बाईचा इतका राग मी कधी केला नव्हता.

हे पुस्तक आलं आणि दुपारचा तो तास माझा झाला. पुस्तक संपलं की ती उठून जाईल. औषध देईल, शेक देईल, सगळं वेळच्या वेळी करेल, त्यात खोट काढायला जागा नाही. पण बसणार नाही. म्हणून म्हणते, तू रुसलेलीच राहा. तोवर आम्ही पहिल्या भागापासून परत वाचतो आहोत.

तुझा रुसवा असाच वाढत राहावा, ही विनंती.
माई

२३ मार्च

ती. माईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि पहिलं काम काय केलं असेल, तर तिसरा भाग पाकिटात घालून वर तिकिटं चिकटवली. तुमचा डाव उधळायचा होता. मग लक्षात आलं, भाग आला की ती तो तुम्हालाच वाचून दाखवणार. पाकीट परत फाडलं. दोन दिवस माझं डोकं चालेना.

शेवटी हा उपाय काढला. सोबतचे कागद बघा. तिसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण मी बोटाएवढ्या अक्षरात काढलं आहे. कागद हलका घेतला आहे, पडल्या पडल्या हातात धरता येईल. आता तुम्हाला वाचून दाखवायला कोणी नको. हेतू काही चांगला नाही, तो आधीच सांगते. तुमचं तुम्ही वाचलंत, की धाकटीचा दुपारचा तास मोकळा होईल आणि ती मला पत्र लिहायला बसेल.

पण एक घोळ झाला आहे. उतरवून काढताना वजनकाट्याची ती बाई रेडिओ बंद करते त्या जागी आले, आणि हात थांबला. तिनं का बंद केला असेल? माई यावर काय म्हणतील, हेच सारखं मनात येत राहिलं. धाकटीला विचारायचं सुचलंसुद्धा नाही, याचं मला नवल वाटतं आहे. तुमचं मत आलं की पुढचं प्रकरण पाठवीन. तिला दाखवू नका. दाखवलंत तर ती वाचायला बसेल, आणि मग आपण दोघी होतो तिथेच.

आपला लोभ नव्हताच, तेव्हा तो जडावा एवढंच म्हणते,
ताई

११ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं दोघींचं काय चाललं आहे?

आठवड्याला एक गलेलठ्ठ पाकीट येतं, त्यावर माईंचं नाव असतं. माझ्या नावानं दोन ओळींचं कार्ड, त्यात कुशल आहे आणि काळजी घे. पूर्वी तू माझ्यावर चिडायचीस तेव्हासुद्धा चार पानं चिडायचीस. मी घरी येते तर माई उशीला टेकून वाचत असतात आणि एकट्याच हसत असतात. मी दिसले की कागद पांघरुणात. वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणतात, दमली असशील, जरा पड. काल मलाच तिकिटं आणायला सांगितली, आणि पाकीट स्वतःच्या हातानं बंद केलं, जिभेनं दोनदा ओलं करून!

वजनकाट्याच्या बाईचं पुढे काय झालं, एवढंच मी विचारलं. म्हणाल्या, ताईला विचार. तुला विचारलं तर तुझं कार्ड, माईंना विचार. पुस्तक माझ्यासाठी उसवलं होतंस ना? मी दुकानात खोकल्याची बाटली द्यायची ती पोटदुखीची दिली, सुदैवानं गिऱ्हाईक वाचून घेणारं होतं. मला हेवा वाटतो, ताई. आधी वाटलं तुझा वाटतो, मग वाटलं माईंचा. दोघींचाही वाटतो, आणि तो कोणाला सांगायचा तर तुम्ही दोघीच आहात.

म्हणून आता मी काय करते सांगू? रोज दुपारी माईंच्या पलंगावर जाऊन बसते. हातात पुस्तक नाही, काही नाही, नुसती बसते. त्या सरकून जागा देतात. इकडचं तिकडचं बोलतात, त्यांच्या लहानपणचं, त्यांच्या बहिणीचं. मलाही बोलतं करतात. मी बसते ती त्यांचा डोळा कधी लागतो आणि ते कागद कधी हाताला लागतात, याची वाट बघत. पूर्वी वाचून झालं की लगेच घोरायला लागायच्या. आता दिवे लागले तरी डोळा लागत नाही त्यांचा.

तुमचा एकमेकींवरचा लोभ उतू चालला आहे. त्यातला थोडा इकडे वळवावा. अक्षर मोठं नसलं तरी चालेल, मला दिसतं.

धाकटी