काचेच्या नळीचे इंच

४ एप्रिल २००४, जुना जालना
सुनीच्या लग्नात फोटो कोण काढणार, याचा निकाल बायकोनं, शकूनं, परस्पर लावला. तिचा भाऊ दिगंबर. मी स्टुडिओवाला, पण पोरीचा बाप कन्यादानाला बसणार. ओळखीच्या सगळ्या फोटोवाल्यांच्या त्या तिथीच्या सुपाऱ्या ठरलेल्या. मंग दिगंबर. त्यानं आजवर शेळीचा फोटो न्हाई काढला.

९ एप्रिल
दिगंबर नवा डिजिटल कॅमेरा घेऊन आल्ता. खोक्यावर सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागची चिप, १/२.५ इंच. म्हणतो, "दाजी, दुकानदार १/१.८ वाला देत होता. मी म्हणलं, अडीचवालाच द्या, मोठा."
हार्डवेअरचं दुकान चालवतो हा. भाकरीचे वाटे वाढले की तुकडा बारीक होतो, एवढंबी कळत न्हाई.

१० एप्रिल
माहितीपुस्तकात शेवटी बारीक अक्षरात: सेन्सर ५.७ × ४.३ मि.मी. कोपऱ्यापासून कोपरा धरला तरी सात. इंचाला अडीचनं भागलं की येतात दहा. तीन कुठं गेले? दि. म्हणतो, छपाईची चूक असंल. धन्य.

१३ एप्रिल
कॅसेटच्या जमान्यातला मेलेला व्हिडिओ कॅमेरा माळ्यावरून काढून खोलला. आत काचेची नळी, चित्र तिच्या तोंडावर पडायचं. तिला आम्ही २/३ इंची म्हणायचो. व्हर्नियर लावला. काच बाहेरून सतरा-अठरा मि.मी., म्हणजे बराबर. पण चित्राचा जळका चौकोन राह्यलाय तोंडावर, तो कोपऱ्यापासून कोपरा अकराच.
म्हणजे इंच चित्राचे न्हाईतच, नळीचे. नळ्या कवाच भंगारात गेल्या, अन् हे शहाणे अजून तेच माप खोक्यावर छापून राह्यले. आपल्याकडंबी नापीक पोटखराबा धरून रान सांगतात, पण तो पोटखराबा निदान जागेवर तरी असतो.

२० एप्रिल
शकूला समजावलं. करंगळीच्या नखाएवढा सेन्सर, सांजचा मुहूर्त, मांडवातला उजेड. फोटोत रवा सांडल्यागत दाणे येतील. पोरीचं लग्न परत काढता येत न्हाई. माझा फिल्मचा कॅमेरा देतो, फोकस शिकवतो.
"तुमचं माप तुमच्यापाशी ठेवा. माझा भाऊ मन लावून काढंल." विषय खलास.

९ मे, हसनाबाद
लग्न लागलं. दि. घामाघूम होऊन नुसता पळत व्हता. पाटावरून खुणावलं, फ्लॅश लाव. त्यानं मला हात हलवून दाखवला. गाढव.

१२ मे, जालना
फोटो कॉम्प्युटरवर उतरवले. म्हणलं तसंच. दाणेच दाणे. नवरदेवाचं कपाळ अन् मुंडावळ्या एक झालेत. अर्धे हललेले. पोटभर शिव्या घातल्या.
मंग एक आला. सुनीचा हात माझ्या हातात. ती खाली बघून राह्यली, मी तिच्याकडं. अन् मी रडून राह्यलोय. मला पत्ताच न्हाई.
घरच्या एकाबी फोटोत मी न्हाई, कायम कॅमेऱ्यामागं. सुनीसोबतचा हा एकच.
शकू म्हणते, भिंतीएवढा करा. कसा करू? एवढ्याशा सेन्सरचा फोटो ताणला की चेहरा फुटतो.

१५ मे
दि.चा फोन. कॅमेऱ्याचं कार्ड पाहिजे, पुसून केदारखेड्याच्या लग्नाला वापरायचंय. सुपाऱ्या घेऊन राह्यलाय आता. उद्या बघू म्हणलं. फोटो उतरवून झालेत, तरी कार्ड खिशातच आहे.
सांजच्याला सुनीसोबतच्या फोटोची परत प्रिंट काढली, कालच्यापेक्षा थोडी मोठी. चेहरा अजून फुटला न्हाई.